गवताची सुगी

विल्यम टेलची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद अचूक बाणानं टिपणारा तो तिरंदाज! ही गोष्ट ज्या मुलखातली म्हणून सांगतात, तो उरी हा स्वित्झर्लंडच्या मध्यभागातला डोंगराळ प्रांत. तिथल्या आल्टडॉर्फ गावात 1895 पासून टेलचा भला मोठा पुतळा उभा आहे. गावाच्या पूर्वेला एक दरी लागते, तिचं नाव शेखेनताल. जून-जुलैमध्ये या दरीत शिरलं, की वाळत्या गवताचा गोडसर वास येऊ लागतो. त्या वासाच्या मागोमाग चला, मित्रांनो, आज आपण इथल्या एखाद्या गोठ्यापर्यंत जाऊ या.

उतारावर लाकडी घर, शेजारी गोठा आणि गोठ्यावर उंच माळा. पण गोठ्यात डोकावून पाहिलं, तर तो रिकामा! गाई गेल्या कुठे? त्या गेल्यात उंचावरच्या कुरणांत. क्लाउझेन खिंडीपलीकडचं उर्नरबोडेन हे देशातलं सगळ्यांत मोठं असं कुरण. उन्हाळ्यात तिथे हजाराहून जास्त गाई चरतात. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर नेण्याच्या या जुन्या रीतीची युनेस्कोनं 2023 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

गाई डोंगरावर गेल्या म्हणजे खाली घरी आराम, असं वाटतं ना? छे! खरं काम आत्ताच सुरू होतं. कारण इथला हिवाळा लांबलचक. साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गाई गोठ्यात बांधलेल्या आणि बाहेर बर्फच बर्फ. तेव्हा त्यांनी खायचं काय?

जरा हिशेब करू. एका गाईला दिवसाला सुमारे 15 किलो वाळलं गवत लागतं असं धरा. गोठ्यात गाई 15 आणि हिवाळ्याचे दिवस 180. गुणाकार केलात? 40,500 किलो! आणि ते वाळल्यावरचं वजन बरं का. ताज्या गवतात शंभरातले 80 भाग पाणीच असतं. म्हणजे 100 किलो हिरवं गवत कापावं, तेव्हा कुठे 23-24 किलो वाळलं गवत हाती येतं. एवढ्या गाईंसाठी सुमारे पावणेदोन लाख किलो गवत कापायचं, वाळवायचं आणि माळ्यावर चढवायचं, तेही घरच्याच माणसांनी!

यात खरी शर्यत असते ती पावसाशी. आपल्याकडे ऊन आणि पाऊस यांचे महिने वेगळे असतात. आल्प्समध्ये मात्र भर उन्हाळ्यातही कधी आभाळ भरून येईल, सांगता येत नाही. गवत वाळायला लागोपाठ दोन-तीन कोरडे दिवस हवेत. असे दिवस येणार असं दिसलं, की घरातले लहानथोर सगळे रानात उतरतात. कापलेलं गवत पसरायचं, दिवसातून दोन-तीनदा उलटंपालटं करायचं, रात्रीचं दव लागू नये म्हणून संध्याकाळी ओळींत गोळा करायचं आणि सकाळी पुन्हा पसरायचं. दाताळं घेऊन मुलंही मदतीला असतात. पूर्वी काही गावांतल्या शाळांना खास 'गवताची सुट्टी'च मिळायची! सुट्टी कसली म्हणा, दिवसभर घाम गाळायचा!

एखादी सर आलीच, तर थोडं ओलं गवत तसंच आत टाकलं म्हणून काय बिघडलं? बिघडतं, आणि फार बिघडतं. ओल राहिली की ढिगाच्या पोटात सूक्ष्म जंतू वाढतात, गवत आतल्या आत तापतं. 70 अंशांच्या पुढे गेलं, तर काही दिवसांनी आपोआप पेटूही शकतं. ना काडी, ना ठिणगी, आणि माळ्यासकट गोठा खाक! म्हणून तिथले लोक गवताच्या ढिगात लांब सळईसारखा तापमापक खुपसून ताप पाहतात, आपल्या आजारी माणसाचा पाहतो तसा.

हल्ली कापायला, पसरायला यंत्रं आली आहेत. काही जण गवताचा मुरघासही करतात. पण आल्टडॉर्फच्या उत्तरेला, तळ्याच्या काठावरच्या रोफायेन डोंगरासारखे उतार इतके उभे, की तिथे यंत्र सोडाच, गाईचाही पाय ठरत नाही. तिथे माणूसच जातो. पायांत खिळ्यांचे बूट, हातात लांब दांड्याचा विळा, कमरेला पाण्यात बुडवलेला धारेचा दगड. गवताचे भारे तारेवरून सूं सूं करत खाली सोडतात. पाय घसरला तर जिवावर बेतायचं!

एवढा आटापिटा कशासाठी? गवतासाठी तर खराच, पण डोंगरासाठीही. न कापलेलं लांब गवत हिवाळ्यात आडवं पडतं. त्यावरून बर्फ सहज घसरतं, सोबत मातीही ओढून नेतं. शिवाय कापणी थांबली की हळूहळू झुडपं माजतात आणि रानफुलं नाहीशी होतात. चित्रातलं ते हिरवंगार, फुलांनी भरलेलं स्वित्झर्लंड नुसतं निसर्गाचं देणं नाही. विळ्यानं राखलेलं आहे!

या विळ्याला मायाही असते बरं का. उंच गवतात हरणाची इवली पाडसं दडून बसतात. धोका आला तरी ती पळत नाहीत, जमिनीला चिकटून राहतात. यंत्राखाली सापडू नयेत म्हणून आता कापणीआधी भल्या पहाटे रानावरून ड्रोन फिरवतात. त्याचा कॅमेरा अंगाची ऊब टिपतो. पाडस दिसलं, की हाताला गवत गुंडाळून ते अलगद उचलायचं आणि बाजूला सुरक्षित ठेवायचं.

सप्टेंबरात गाई डोंगरावरून खाली येतात, तेव्हा माळा काठोकाठ भरलेला असावा लागतो. तसा भरला, की मग खुशाल पडो बर्फ!

आपल्याकडे कडब्याची गंजी किंवा पेंढ्याची उडवी असतेच. सुट्टीत गावी गेलात की आजोबांना विचारा : गुरं किती, दिवस किती आणि पेंढ्या किती? हा हिशेब त्यांना तोंडपाठ असेल!