राखून न ठेवलेली जागा

प्रवासाला निघण्यापूर्वीं आतां पहिला प्रश्न ‘कोठें जावयाचें?’ हा नसून ‘जागा राखून ठेवली आहे काय?’ हा असतो. आगगाडींतील बांक, देवळाजवळच्या निवासांतील खोली, फार काय, अरण्यांत शिरण्याची वेळसुद्धां पुष्कळ दिवस अगोदर घरबसल्या ठरवून तिचे पैसे भरावे लागतात. ही पद्धत वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यामुळें मुलाबाळांसह रात्रीं दारोदार हिंडण्याचा प्रसंग टळतो. परंतु ज्या कुटुंबांत ऐंशी वर्षांचें माणूस आहे, त्या कुटुंबास आजपासून साठाव्या दिवशीं आपण कोठें असूं हें सांगतां येत नाहीं. मग त्यानें जागा राखावी तरी कोणत्या दिवसाची?

आमच्या मातोश्रींस ब्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. अष्टविनायक एकदां डोळे भरून पाहावे ही त्यांची इच्छा जुनी. पण एके दिवशीं त्या हौसेनें मैलभर चालतात, तर दुसऱ्या दिवशीं गुडघे असे आखडतात कीं, खाटेवरून उतरणेंहि कठीण होतें. निवासांतील उंच जिने आणि ओलीं न्हाणीघरें यांची तर त्यांनीं धास्तीच घेतली आहे. म्हणून थोरल्या बंधूंनीं एक राहती मोटार भाड्यानें आणली. हिला हल्लीं ‘कॅरव्हॅन’ म्हणतात. निजण्यापुरत्या फळ्या, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचकूप एवढा सारा संसार तींत मावलेला असतो. जिन्याची अडचण गेली, न्हाणीघराची गेली. राहिला प्रश्न एकच : रात्रीं ही मोटार उभी करावयाची कोठें?

महाराष्ट्र सरकारनें अशा मोटारींच्या पर्यटनासंबंधीं २०२१ सालीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें, व त्यांत मुक्कामासाठीं तळ उभारण्याची कल्पनाहि आहे. पण आमच्या वाटेवर तसा तळ आम्हांस आढळला नाहीं. घर बरोबर आहे, मग जागेची अडचण ती काय, असें पुष्कळांस वाटतें. या घराच्या मागण्या थोड्या, पण ठाम असतात. जमीन सपाट हवी. नाहीं तर निजणाराचें डोकें खालीं आणि पाय वर होतात. माती मुरमाड हवी. काळ्या रानांत चाक रुतलें कीं ट्रॅक्टर बोलवावा लागतो. वर विजेची तार लोंबतां कामा नये, गाडी वळावयास जागा हवी, कोणाची वहिवाट अडतां कामा नये, आणि हांक मारल्यास ओ देणारें एखादें घर जवळपास असावें.

चौफुल्यापाशीं सोलापूरचा रस्ता सोडून मोरगांवकडे वळलें कीं वाटेंत सुपें लागतें. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें पुणें आणि सुपें हीं नांवें इतिहासांत जोडीनें येतात. आज दूरचा मनुष्य सुप्यास थांबतो तो बहुधा जवळचें मयूरेश्वर अभयारण्य पाहण्यासाठीं. आम्ही तेथें पोंचलों तेव्हां दुपारचे चार वाजले होते. त्या दिवशीं संकष्टी असल्यामुळें मोरगांवीं गर्दी असणार हें ठाऊक होतें. म्हणून मुक्काम सुप्यास करावा व दर्शनास पहाटे जावें, असें घरूनच ठरविलें होतें.

हें अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें. त्याचें क्षेत्र अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. दाट झाडी नाहीं, डोंगरदरी नाहीं. पिवळें गवत, मधून मधून खुरटीं झाडें, आणि त्या गवतांत गवताच्याच रंगाचीं चिंकारा हरिणें. मुलांनीं पांच-सहा हरिणें पाहिलीं आणि मोटारींतला गोंगाट आपोआप थांबला. परत फिरतांना बंधूंनीं तेथील वनरक्षकांस विचारलें, “फाटकाबाहेर एका बाजूस रात्रभर गाडी लावली तर चालेल का?” तो गृहस्थ नम्रपणें म्हणाला, “आजी बरोबर आहेत हे दिसतंय मला. पण आत नको आणि फाटकाला लागूनही नको. दिवसा तुम्ही बघता. रात्र त्यांची आहे.”

बंधू आणखी कांहीं बोलणार होते, पण मातोश्रींनींच त्यांस आवरलें. “तो म्हणतो तें बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. विचार केला तर खरोखरच बरोबर होतें. चिंकारा चरावयास निघतो तो मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या गारव्यांत. उघड्या माळावर त्यास दडावयास जागा नसते. दुरून दिसणें आणि पळणें हाच त्याचा बचाव. अशा ठिकाणीं आमचा दिवा, आमची शेगडी, मुलांचे आवाज यांनीं त्याचें रान तेवढ्यापुरतें आणखी लहान झालें असतें. वाळल्या गवतावर ठिणगी पडली तर काय होईल हें निराळें सांगावयास नको. अभयारण्यास धोका होईल अशा रीतीनें विस्तव पेटविण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई केली आहे, ती उगाच नव्हे. ज्या प्राण्यास आपली जागा आपण होऊन राखून ठेवतां येत नाहीं, त्याच्यासाठीं ती दुसऱ्या कोणी राखली, एवढाच याचा अर्थ.

वनरक्षकानें सल्ला मात्र मोलाचा दिला : ऊन आहे तोंवर गांवाकडे जा आणि एखाद्या वस्तीवर विचारा. वाटेंत एका खाणावळवाल्यानें आपलें पटांगण देऊं केलें. पण त्याचा दर ऐकून बंधू गप्प झाले, आणि तेथील कर्णा ऐकून मातोश्री. पुढें रस्त्यालगत शेतांत एक घर दिसलें. तेथें पुरुषांपैकीं कोणी न जातां वहिनी उतरून गेल्या.

“ताई, रात्रीपुरती गाडी लावू का तुमच्या रानात? पाणी, स्वयंपाक सगळं आमचं आहे. उजाडताच निघू.”

“कोण कोण हाय गाडीत?”

“सासूबाई आहेत. पोरं आहेत.”

“म्हातारं माणूस हाय, मग इचारताय कशाला? पर त्या शेवग्याखाली नका लावू, फांदी मोडती त्याची. हिकडं खळ्यावर घ्या.”

खळ्याची जमीन चोपून सपाट केलेली होती. आमच्या सर्व अटी त्या बाईंनीं न विचारतां पुऱ्या केल्या, आणि शेवग्याची अट आम्हांस ठाऊक नव्हती तीहि! चंद्रोदय झाला, मातोश्रींनीं उपास सोडला. थोड्या वेळानें बाई तांब्याभर दूध घेऊन आल्या व गाडीच्या पायरीवर बसल्या. “असे वाटसरू नेहमी येतात का हो?” असें मातोश्रींनीं विचारतां त्या म्हणाल्या, “हितं न्हाय. पर माझं माहेर उंडवडीचं. तिथं आमच्या रानात दिंडी उतरती; माझ्या आज्यापासनं तीच दिंडी.”

ज्यांस वारी ठाऊक आहे त्यांस या वाक्याचें मोल कळेल. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपुरास नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनीं १६८५ च्या सुमारास सुरू केली. ती पालखी पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीस येते, आणि पुढें बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत जाते. काटेवाडीस तिच्यापुढें धोतरांच्या पायघड्या घालतात आणि रथाभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें. इतका मोठा समाज कोठेंहि चिठ्ठी न फाडतां रात्रीं निजतो हें पाहून शहरांतल्या माणसास नवल वाटतें. पण ती बेबंदशाही नव्हे. प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो, रथापुढें कीं रथामागें हें ठरलेलें असतें. तिचा ट्रक पुढें जाऊन राहुट्या ठोकतो, आणि कित्येक दिंड्यांचें उतरण्याचें रान पिढ्यान् पिढ्या तेंच असतें. कागद नसला तरी आठवण आहे. शेतकऱ्याची आणि दिंडीची दोघांचीहि. न राखलेली म्हणून जी जागा आपणांस दिसते, ती बहुधा अशी कोणाच्या तरी सौजन्यानें राखलेलीच असते.

सकाळीं बंधूंनीं पैसे पुढें केले, ते बाईंनीं घेतले नाहींत. वहिनींनीं त्यांची खणा-नारळानें ओटी भरली, मुलांनीं खळें झाडून काढलें. मोटार रस्त्याला लागल्यावर मातोश्री म्हणाल्या, “तिनें पैसे घेतले नाहींत म्हणून आपण फुकट राहिलों असें समजूं नका. रोज एक गाडी आली तर तिनें काय करावें?” दर्शन सुखरूप झालें. पुढचे मुक्काम मात्र मातोश्रींच्या गुडघ्यांनीं ठरविले, आणि आठहि स्थानें पुरीं व्हावयास अकरा दिवस लागले.

मातोश्रींच्या त्या प्रश्नावर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. आमचा एक भाचा कॅलिफोर्नियांत असतो. तेथील राज्याच्या उद्यानांत राहत्या मोटारींसाठीं आंखलेल्या जागा असतात, व त्यांची नोंदणी सहा महिने अगोदर सुरू होते. समुद्रकांठच्या जागा तर पाहतां पाहतां संपतात. तरीहि कांहीं उद्यानांत थोड्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतात. जो आधीं येईल त्याची ती. जाणते लोक शनिवार-रविवार टाळतात आणि आदले पाहुणे निघण्याच्या सुमारास, दुपारपूर्वींच, तेथें पोंचतात. पुष्कळ ठिकाणीं पैसे घेणारा मनुष्यहि नसतो. पाकिटावर नांव व गाडीचा क्रमांक लिहून पैसे लोखंडी पेटींत टाकावयाचे आणि चिठ्ठीचा तुकडा आपल्या जागेच्या खांबास लावावयाचा. शेतकऱ्याच्या सौजन्याचें काम तेथें ही पेटी करते. तिच्यांत माया नाहीं, पण कोणावर भारहि नाहीं.

आपल्याकडे हें होण्यास फार खर्च नको. यात्रेच्या वाटेवरील गांवांनीं आठ-दहा गाड्या मावतील एवढी मुरमाड जमीन निवडावी. तेथें एक नळ, एक दिवा, शौचकूप आणि कचऱ्याची पेटी एवढें असलें तरी पुरे. एका रात्रीचें माफक शुल्क ग्रामपंचायतीनें घ्यावें. निम्म्याहून अधिक जागा वाटल्यास आगाऊ नोंदीस द्याव्या. पण दोन-तीन तरी संध्याकाळपर्यंत मोकळ्या राहूं द्याव्या. तोंवर आमच्यासारख्यांनीं एवढें पाळावें : ऊन असतांना पोंचावें, विचारल्यावांचून चाक थांबवूं नये, ‘नको’ म्हटलेली जागा विनातक्रार सोडावी, आणि पाणी आपलें आणून कचरा आपला न्यावा. उद्यांची खात्री नसलेलीं वृद्ध माणसें प्रत्येक घरांत आहेत. त्यांच्या यात्रा त्या दोन-तीन मोकळ्या जागांवर अवलंबून आहेत.