कुंडीतला हिवाळा

जपानी मेपलच्या फांद्या थंडीला सहसा दाद देत नाहीत. बॉस्टनच्या उपनगरांत कितीतरी अंगणांत हे झाड आहे. उणे वीस अंशांच्या रात्री काढूनही मे महिन्यात ते पानांनी भरून येतं. घोर असतो तो मुळांचा. जमिनीत, पाचोळ्याखाली, वर बर्फाची गोधडी असली की मुळांपर्यंत हवेतली थंडी पोचतच नाही. कुंडीला मात्र चहूबाजूंनी हवा. फांद्या जे सहज सोसतात ते मुळांना झेपत नाही. उणे दहाच्या आसपास ती मरायला लागतात, कोवळी असली तर त्याच्याही आधी. मी बोन्सायसाठी मेपलची रोपं वाढवते. नोव्हेंबर ते एप्रिल माझा जीव कुंडीच्या आत अडकलेला असतो.

त्यातून बोन्सायवाल्यांचं दुखणं वेगळंच. मेपलचं खरं रूप बुंध्याशी असतं. खोडापासून सगळीकडे पसरून मातीला धरून बसलेल्या त्या मुळांना नेबारी म्हणतात, आणि ती घडवायची ती रोप लहान असतानाच. म्हणून आम्ही सोटमूळ छाटतो, बाकीची मुळं आडवी पसरतो, उथळ भांड्यात लावतो. ज्या मुळांसाठी ही सगळी खटपट, तीच वरच्या थरात आणि कुंडीच्या कडेला येऊन बसतात. थंडी पहिला घाव घालते तो तिथेच.

माझे वडील निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. इथल्या थंडीचं ऐकून ते फोनवर म्हणाले, "अगं, मग रोपं घरात घे ना. हीटर आहे की तुमच्याकडे."

"आबा, घरात घेतली तर ती झोपणारच नाहीत."

मेपलला झोप हवीच. साधारण सात अंशांच्या खालची थंडी त्याला आठवड्यामागून आठवडे मिळाली नाही, तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. उबदार खोलीत ठेवलेलं रोप साठवलेलं सगळं खर्च करत राहतं आणि एक-दोन वर्षांत संपतं. आबांना हे फार समजावून सांगावं लागलं नाही. डाळिंबाचा बहार धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देणं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. "म्हणजे तुमच्याकडे ताण थंडी देते," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, पण आबा, इथे पाणी तोडायचं नाही.

पाण्याचं तर त्यांनाच जास्त ठाऊक. निफाडला पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. कुंडीलाही तेच लागू. पाणी गोठताना उष्णता सोडतं. मातीत गोठायला पाणी शिल्लक आहे तोवर कुंडी शून्याच्या आसपास टिकून राहते. कोरडी माती मात्र झरझर खाली जाते. माझ्या मिश्रणात आकादामा, प्यूमिस आणि लाव्हाची खडी, म्हणजे पाणी पटकन निथळणारी माती, त्यामुळे हिवाळ्यातही मी कुंड्या उचलून वजनाचा अंदाज घेते. पूर्ण गोठलेल्या कुंडीवर पाणी ओतून उपयोग नाही. तिच्यावर फावडंभर बर्फ टाकून ठेवायचा. माती मोकळी होते तेव्हा तोही वितळून आत जिरतो.

तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते. नत्राचं खत बंद, नाहीतर उशिरा फुटलेले कोवळे शेंडे पिकत नाहीत आणि काळे पडतात. पानं गळेपर्यंत रोपं बाहेर, दोन-चार हलकी दहिवरं अंगावर घेऊ द्यायची. मग हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये. पानंच नाहीत तर उजेड लागत नाही. कुंड्या फळीवर ठेवायच्या नाहीत, जमिनीवरच, एकमेकींना खेटून. खालून जमिनीची ऊब येते. भोवती पाचोळ्याची पोती. आणि सगळ्याला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी, कारण पाचोळ्याच्या उबेत उंदीरही येतात आणि मेपलची साल बुंध्याभोवती गोल कुरतडून टाकतात. अख्खी साल गेली की त्यावरचं झाड वाचत नाही.

2023 च्या जानेवारीत थंडी जवळपास पडलीच नव्हती. जमिनीवर बर्फ नाही, लोक साध्या जाकिटात फिरत होते. आणि 4 फेब्रुवारीला बॉस्टनचा पारा उणे 23 वर गेला. 1957 नंतर इतका खाली तो गेला नव्हता. वर सोसाट्याचा वारा. त्या रात्री मॅसॅच्युसेट्सभर पीचचे डोळे मेले, त्या वर्षीचं पीक गेलं. गॅरेजमधल्या कुंडीत खोचलेला थर्मामीटर मात्र उणे चारच्या खाली उतरला नाही.

माझं एक रोप बाहेर होतं, सांगो-काकू जातीचं, हिवाळ्यात फांद्या पोवळ्यासारख्या लाल होणारं. घराच्या उत्तरेला, कुंडीसकट काठापर्यंत पुरलेलं. एप्रिलमध्ये ते इतरांसारखंच फुटलं, पानं उघडली. जूनच्या पहिल्या उन्हात एका दुपारी पानांनी माना टाकल्या. कुंडीतून काढलं तर माती ओली आणि मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. फांद्यांत साठवलेल्या शिदोरीवर ते तोवर जगलं होतं. मुळं फेब्रुवारीतच गेली होती.

बॉस्टनच्याच अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये लार्ज अँडरसन यांनी 1913 मध्ये जपानहून आणलेली बोन्साय आहेत. त्यांच्या पत्नी इसाबेल अँडरसन यांनी 1937 पासून ती तिथे दिली. ती झाडंही हिवाळा काढतात ते काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या थंड कोठारात, गोठणबिंदूच्या जरा वर राखलेल्या तापमानात. उन्हाळ्यात ती बघायला मी आवर्जून जाते, पण मला त्या कोठाराचंच जास्त अप्रूप वाटतं.

जानेवारीपेक्षा एप्रिल अवघड. गॅरेजमध्ये चार दिवस ऊब साचली की डोळे फुगतात, आणि फुगलेला डोळा पुन्हा झोपत नाही. मग दिवसा बाहेर, रात्री आत, अशी ने-आण. 2023 मध्येच 18 मे रोजी न्यू इंग्लंडमध्ये उशिरा हिव पडलं आणि ठिकठिकाणी सफरचंदांच्या बागा होरपळल्या. आदल्या संध्याकाळी मी सगळी रोपं आत ओढली. आबांचा फोन आलाच, "पोंगा कुठवर आलाय?" डोळा फुटू लागतो ती अवस्था म्हणजे पोंगा. मी सांगितलं, तो कधीच संपला, पानं हाताएवढी आहेत. "मग आज रात्री जागी राहा," ते म्हणाले.

सांगो-काकू मी परत आणलं नाही. नाव असलेली कलमं देखणी असतात, पण इथल्या थंडीसाठी मला बियांची रोपंच भरवशाची वाटतात. आमच्या रस्त्यावर एक जुना मेपल आहे, कितीतरी हिवाळे जमिनीत उभा राहून काढलेला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या पंखवाल्या बिया गोळा करते, ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवते. त्यांतून उगवलेल्या रोपांतही थोडी मरतात. उरलेल्यांपैकी जाडजूड निघतील ती खोड भरेपर्यंत वाफ्यात, जमिनीतच राहणार. कुंडीत यायला त्यांना अजून बरेच हिवाळे आहेत.