ठिणगी कुठे अडली?

गाडी रुसली, असे आपण सहज म्हणतो. पण रुसणे हा माणसाचा धर्म. त्याला कारण लागतेच असे नाही. यंत्र मात्र कारणावाचून बंद पडत नाही, आणि ते कारण सापडेपर्यंत कितीही आर्जवे करा, कितीही किका मारा, ते ढिम्म हलत नाही. ही गोष्ट मला पुस्तकाने सांगितली नाही. ती आमच्या खकनारच्या अंगणातल्या एका जुन्या येझदीने शिकवली.

खकनार हे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. २००३ साली बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही खंडव्याचे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी, डोंगराकडे वळले की कोरकू. अशाच एका कोरकू ढान्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९९२ साली त्यांनी जुनी येझदी २५० घेतली आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच शाळा केली. पुढेही आठवड्यातून एकदा ते ढान्यावर जात. पोरांचे गणित घेत.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला हवे, की ही गाडी त्यांच्या म्हैसूरची. तिचे मूळ कूळ चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून १९२९ साली ‘जावा’ जन्मली. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिची ‘येझदी’ झाली. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०२२ साली येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले. पण त्या नव्या गाड्यांत पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंचा कारभार इलेक्ट्रॉनिक मेंदूकडे आहे. आमची गाडी जुन्या वळणाची. सहा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. आणि गंमत अशी की किक आणि गिअर यांना एकच दांडी.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला एक विचित्र खोड लागली. घरून निघताना पहिल्या किकेत सुरू व्हायची. आठ-नऊ किलोमीटर गेले की फटफट अडखळायची आणि मरायची. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा जिवंत! एकदा भर दुपारी आप्पांनी ती चढावर ढकलत नेली आणि घरी आले ते पांढरेफटक चेहऱ्याने. त्या रात्री आईने निकाल दिला : “दिवाळीच्या आत ही भंगारात द्या. नाहीतर ढान्यावर जाणं बंद.” भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला. गाडी गेली असती तर आप्पांचे जाणेच थांबले असते, कारण तिकडे एसटी नाही की जीप नाही. आईचे चुकत होते असेही नाही.

एका मिस्त्रीने आधी प्लग बदलला, मग बॅटरी बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला. दोन हजारांवर रुपये गेले आणि गाडी पूर्वीच्याच ठिकाणी बंद पडली. आप्पा म्हणाले, “भाग बदलणं वेगळं आणि दोष शोधणं वेगळं.” त्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, बोटेही थरथरतात. म्हणून सुट्टीत डोके त्यांचे आणि हात माझे, असा करार झाला.

इंजिनाला चालायला दोन गोष्टी हव्यात : पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. बंद पडताच प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल आहे, पण पेटत नाही. मात्र आमचा दोष गरम झाल्यावरच प्रकट होणारा. अंगणात उभी असलेली गाडी तपासणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे. आम्ही पाने, पेचकस आणि दोन वायरी जोडलेला सहा व्होल्टचा बल्ब पिशवीत घेतला व गाडी बंद पडेपर्यंत चालवली. ती सागाच्या झाडीत मेली. मला इतका आनंद गाडी सुरू झाल्यावरही झाला नव्हता.

प्लग ओला निघाला. तो हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी पिवळट, मरतुकडी. आता वीज कोठपर्यंत येते ते पाहायचे. बल्बची एक वायर सांगाड्याला, दुसरी कॉइलच्या आत येणाऱ्या टोकाला : बल्ब पेटला. म्हणजे बॅटरी, चावी आणि वायर निर्दोष. मग पॉइंटच्या टोकाला : पॉइंट उघडे असताना बल्ब मंद पेटला, मिटताच विझला. म्हणजे कॉइलचा पहिला वेढा आणि पॉइंट आपले काम करत होते. उजवे झाकण काढलेलेच होते. आप्पा म्हणाले, “आता किक मार आणि पॉइंटकडे बघ.” पॉइंट उघडताना तिथेच भली मोठी निळी ठिणगी उडत होती. प्लगवर हवी ती ठिणगी वाटेतच खर्ची पडत होती!

विज्ञान शाखेच्या मित्रांना हे ओळखीचे वाटेल. फॅरडेने १८३१ साली दाखवले, की चुंबकीय क्षेत्र बदलले की वीज निर्माण होते. बदल जितका झटपट, तितका दाब अधिक. पॉइंट उघडताच कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात. पण प्रवाह सहज तुटत नाही, तो उघडत्या फटीतून उडी मारू पाहतो. त्या क्षणी त्याला पोटात घेण्याचे काम कंडेन्सरचे. जुन्या कंडेन्सरच्या आतले आवरण गरम झाले की दगा देते, थंड झाले की सावरते. आठ किलोमीटरचे कोडे इतकेच होते.

तरी आप्पांनी निकाल दिला नाही. “हा संशय झाला, पुरावा कुठे आहे?” दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरहून कंडेन्सर आणला, किंमत एका साध्या थाळीएवढी. जुना सोडवून नवा तात्पुरता बाहेरून वायरीने जोडला. जळके पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा मधून ओढून पुसले, फट ०.४ मिलिमीटर ठेवली. गाडी वीस किलोमीटर न थांबता गेली. मग कंडेन्सर कायमचा बसवला. दिवा मंद जळत असे, त्याचेही मूळ सापडले : बॅटरीची अर्थची वायर गंजावर आवळलेली होती. खरवडून घट्ट केली.

आपल्या अभ्यासात, घरात, सार्वजनिक कामांत आपण पुष्कळदा त्या मिस्त्रीसारखे वागतो. बिघाड दिसला की माणूस बदलतो, नियम बदलतो, कधी विषयही बदलतो. वीज कोठवर पोहोचते आणि कोठे अडते हे एकेका टोकाला बल्ब लावून पाहण्याचा धीर आपल्याला नसतो. बहुधा दोष लहानसाच असतो, आणि अवघड जागी दडलेला असतो.

भंगारवाल्याला नकार कळवला. आईने मात्र अट घातली, की दुपारच्या उन्हात जायचे नाही. ती आप्पांनी तत्काळ मान्य केली. ते आता सकाळी सहाला निघतात. पिशवीत पाढ्यांची पुस्तके असतात, आणि तळाशी तो दोन वायरींचा बल्ब. ढान्यावरच्या पोरांनाही तो कसा लावायचा हे आता ठाऊक झाले आहे.