वाटेचे पंचांग

सुरतेत डिंडोलीहून सहारा दरवाजा किती लांब, असा प्रश्न गावाकडचा कोणी पाहुणा करतो तेव्हा मी त्यास किलोमीटरांत उत्तर देत नाही. कारण अंतर म्हणावे तर सात-आठ किलोमीटरांचेच, परंतु पहाटे पाचास ते वीस मिनिटांचे असते, सकाळी नवास सव्वा तासाचे होते, आणि खाडीला पूर येऊन पर्वत पाटियाकडील रस्ते जलमय झाले म्हणजे त्यास कोणतेही मोजमाप लागू पडत नाही. 'निघणार केव्हा?' असा प्रतिप्रश्न करूनच मग उत्तर द्यावे, हा येथला शिरस्ता.

कापड मार्केटात हिशेबनीस म्हणून आयुष्य वेचलेला मी गृहस्थ. जमाखर्च मांडण्याची खोड हाडीमाशी भिनलेली. तेव्हा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठींवर मी या वाटेचे एक स्वतंत्र पंचांग लिहीत आलो आहे. लूमच्या कारखान्यांत पाळी बदलते तो घटकाभराचा काळ सर्वस्वी वर्ज्य. दुपारी चारनंतर ताक्यांचे टेम्पो आणि पार्सलांचे हातगाडे ट्रान्सपोर्टच्या दिशेने लोटतात, तेव्हा रिंग रोडचे नाव काढू नये. छठपूजेच्या सायंकाळी आणि दुसऱ्या पहाटे डिंडोली तलावाकडची वाट उत्तरेकडून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या सूर्यदेवास बहाल केलेली असते; त्या दिवशी बाहेरची कामे काढणारा मनुष्य अविचारी समजावा. 2021 च्या जानेवारीत मेट्रोची पायाभरणी झाली, 40.35 किलोमीटरांच्या दोन मार्गिका ठरल्या, आणि भेसाण-सारोली मार्गिकेसाठी मार्केटाच्या अंगणात पत्र्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा तर माझे अर्धे पंचांग एका रात्रीत रद्दबातल झाले. धनत्रयोदशीपासून लाभपंचमीपर्यंतचे रकाने मात्र मी कोरे ठेवतो. मार्केट बंद, कारागीर मुलखाला गेलेले, रस्ते असे मोकळे की पुलावरून जाताना उगीचच काही विसरल्याची हुरहुर लागते.

या पंचांगाची खरी कर्ती म्हणाल तर सौभाग्यवतीच. मी अर्धा तास आधी निघण्याचा ठराव करतो, म्हणजे ती एक तास आधी उठते. कळण्याच्या भाकरीचा डबा साडेसहास तयार असतो. वाहतुकीच्या नियोजनाचे गोडवे गाणाऱ्या विद्वानांनी या तासाची नोंद कोठे केलेली माझ्या पाहण्यात नाही.

एकदा सहारा दरवाजापाशी मी पाऊण तास तिष्ठत उभा होतो. भोवती दरवाजा नाही, तट नाही, बुरूज नाही, केवळ नाव. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, त्या धास्तीने मोगली अंमलदारांनी शहरास पक्की तटबंदी घातली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी बाहेरून आणखी एक तट, आलमपनाह, उभा राहिला, तोही बव्हंशी मराठ्यांच्याच भयाने. तट कालांतराने जमीनदोस्त झाला आणि त्याच्याच रेषेने रिंग रोड फिरला. सहारा दरवाजा, उधना दरवाजा ही नावे तेवढी मागे उरली. ज्या मराठ्यांना बाहेर थोपवण्यासाठी हा खटाटोप झाला, त्यांचे आम्ही वंशज डब्यातली भाकर सांभाळीत त्याच दरवाजांपाशी रोज तासतासभर थोपून राहतो! बहात्तर वर्षांचे आमचे आबा हे ऐकून म्हणाले, ''भो, तवा घोडे व्हते. रिक्षात बशीसन कोनी सुरत लुटी का?''

आबा आले ते तापी व्हॅलीच्या लोहमार्गाने, अमळनेरहून. उधन्याहून बारडोली, व्यारा, नंदुरबार करीत जळगावास जाणारा हा मार्ग नसता तर लिंबायत-डिंडोलीत खानदेश वसला नसता, आणि ही गर्दीही बहुधा झाली नसती. आता गावी जायचे म्हणजे आबा गाडीच्या तीन तास आधी उधना स्टेशनवर जाऊन बसतात. मी हसतो खरा. परंतु गेल्या लग्नसराईत माझ्या सूक्ष्म गणितावर भिस्त ठेवून निघालो, नवागामच्या रेल्वेपुलावर एक डंपर बंद पडला, आणि आमची गाडी आमच्याच पायांखालून अमळनेरकडे निघून गेल्याचे आम्ही रिक्षातून डोळ्यांनी पाहिले. आम्ही गावी पोहोचलो तोवर आबा कधीचेच हळदीच्या पंगतीस बसले होते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशींची कानबाई माउली बसते आणि सोमवारी विसर्जनास निघते. या सोमवारची नोंद माझ्या पंचांगात नाही. राहून गेली असे नव्हे, मीच ती केलेली नाही. यंदा चौरंगावरची माउली डोक्यावर घेऊन सौभाग्यवती मिरवणुकीत होती, डफ कडाडत होता, बाया फुगड्या घालीत होत्या, आणि मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्हीच अडवून धरला होता. खिशातला फोन वाजला. शेठ विचारीत होते, ''क्यां अटक्या?'' मी म्हणालो, ''ट्राफिक छे, शेठ.'' मागे एक टेम्पोवाला केव्हाचा भोंगा वाजवीत होता. रोटाचा प्रसाद भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो, म्हणून सौभाग्यवतीने मला खुणावून त्याच्या हाती दोन केळी ठेवविली. त्याने इंजिन बंद केले आणि पायरीवर बसून ती सोलायला घेतली.