एक रुपयाचा हंडा

२००५ साली रबाळ्यात एमआयडीसीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही खोली घेतली. घरमालकीण म्हणाली, "पाण्याची चिंता नको, दादांचा पाइप आहे." दादांनी तो कुठून वर आणला होता, हे कुणी विचारत नसे. पहाटे साडेचारला मोटार लागायची. हंड्याला १ रुपया, सणासुदीला दीड. उधारी नाही.

खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दादा नसते तर पार खालच्या गळक्या व्हॉल्वपर्यंत उतरावं लागलं असतं, भरला हंडा घेऊन परत चढायचं ते वेगळंच. रोज दहा हंडे लागायचे, धुणं काढलं की पंधरा. महिन्याचे तीनशे-साडेतीनशे पाण्यात जायचे.

२००७ मध्ये कारखान्यातल्या मैत्रिणीबरोबर अंधेरीला एका सभेला गेले. तिथल्या के-पूर्व वॉर्डात पाण्याच्या खासगीकरणाची चर्चा होती, जागतिक बँकेच्या पैशातून सल्लागारांनी अभ्यास चालवला होता. लोक चिडलेले. वक्ते बोलिव्हियातल्या कोचाबांबाचं सांगत होते: कंपनी आली, दर चढले, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला जावं लागलं. मी बसल्या बसल्या हिशेब करत होते. हंडा १५ लिटरचा, म्हणजे हजार लिटरला जवळजवळ ६७ रुपये. आमच्याकडे कंपनी आधीच आली होती, फक्त तिला पाटी नव्हती.

पुढे घणसोलीच्या नणंदेकडून कळलं, महापालिका घरगुती नळाला महिन्याला ३० हजार लिटर पाणी ५० रुपयांत देते. पाणी महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं, तिकडे खालापूर तालुक्यातलं. तेवढ्याच पाण्याचे दादांनी माझ्याकडून २ हजार घेतले असते. त्या रात्री मी नवऱ्याला काही बोलले नाही, उगीच त्याचं जेवण कडू झालं असतं.

नागपूरला दीर राहतात. तिथे २०१२ पासून शहराचं पाणी खासगी कंपनी चालवते, करार २५ वर्षांचा. दीर त्यावर तावातावानं बोलतात. पण त्यांच्या घरी मीटर आहे, बिल येतं, भांडायला एक ऑफिस आहे. आम्ही दादांशी भांडलो की दुसऱ्या दिवशी आमचा हंडा रांगेत शेवटी.

आमच्या गल्लीत सामायिक नळ आला तेव्हा दादांची मोटार बंद पडली. आता ते २० लिटरचे जार विकतात. पाहुणे आले की मीही एक मागवते.