४१ की ६८?

त्या रात्री झड अशी लागली होती की कौलांवरचा आवाज झोपू देत नव्हता. रोवणी आटोपून आठवडाच झाला होता. सकाळी पाहिलं तर बांध्या धुऱ्यापर्यंत भरलेल्या, आणि बैठकीतल्या हवामानयंत्राच्या पडद्यावर रात्रीचा पाऊस ४१ मिलिमीटर. साडेआठ वाजता मी अंगणातल्या साध्या पर्जन्यमापकातली बाटली काढली आणि पाणी मोजपात्रात ओतलं. ते भरलं ६८.

या दोन आकड्यांच्या मध्ये ६५ येतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हे गोंदिया जिल्ह्यातल्या धान पिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला तोंडपाठ असतं. नुकसानभरपाईला महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा धरतात, माझ्या घरचा नव्हे, आणि ते योग्यच आहे. पण मंडळ मोठं असतं आणि पाऊस शिवारागणिक बदलतो, म्हणून गावातले लोक मला विचारतात. त्या सकाळीही शेजारचे काकाजी बांधावरून परतताना फाटकाशी थांबले. "काहून जी गुरुजी, तुमच्या मशीनीत किती आला पाणी?" मी दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, "मग खरा कोणता?" हा प्रश्न मी तीस वर्षं विज्ञान शिकवताना मुलांना घातलेला होता. आता तो माझ्याच फाटकाशी उभा होता.

यंत्र साधं आहे. वर नरसाळं, त्याखाली तराजूसारख्या जोडलेल्या दोन चिमुकल्या वाट्या. एक भरली की कलंडते आणि दुसरी धारेखाली येते. दर कलंडीला एक चुंबक बारीक स्विचसमोरून सरकतो आणि यंत्र ०.२ मिलिमीटर मोजतं. सतराव्या शतकात लंडनच्या ख्रिस्तोफर रेन यांच्या पर्जन्यमापकात ही युक्ती होती आणि आजही तीच चालते. म्हणजे यंत्र पाऊस मोजतच नाही, ते कलंडी मोजतं. वाटीपर्यंत पोचलंच नाही ते पाणी त्याच्या लेखी पडलंच नाही.

मी आधी सेल बदलले. ते चुकलं. आधी आलेख पाहायला हवा होता. पाऊस अडीचच्या सुमारास थांबला हे मला नक्की ठाऊक होतं, कारण तेव्हा मी गोठ्यात जाऊन आलो होतो. यंत्र मात्र चारपर्यंत मोजत होतं, आणि तेही एकाच संथ गतीने, ताशी १२ मिलिमीटरच्या आसपास. खरा पाऊस कधी असा सपाट पडत नाही. तो चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो. सपाट रेघ दिसली की समजावं, नरसाळ्याचं भोक तुंबलं आहे. पाणी नरसाळ्यात साचत गेलं, भोकातून झिरपेल तेवढंच मोजलं गेलं आणि उरलेलं काठावरून वाहून गेलं.

नरसाळं काढलं तर भोकात धानाचा कोंडा, जांभळीची वाळकी पानं आणि त्यावर कुंभारीण माशीने लिंपलेला मातीचा थर. आमच्याकडे राइस मिल फार दूर नसते. वारा त्या बाजूचा असला की कोंडा अंगणात येतो आणि पहिल्या सरीत भिजून पुठ्ठ्यासारखा घट्ट बसतो. खाली, वाट्यांच्या आसाला कोळ्याचं जाळं होतं. ते डोळ्यांनी धड दिसतही नव्हतं, पण वाटी कलंडायला अडवण्याएवढं पुरेसं होतं.

सफाई झाली म्हणजे काम झालं असं बरेच जण धरून चालतात. खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. माझ्या नरसाळ्याचं तोंड १६ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस सेंटिमीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, आणि अर्धा लिटर म्हणजे २५ मिलिमीटर, म्हणजेच १२५ कलंडी. सलाईनची रिकामी बाटली आणि तिची नळी धुऊन घेतली, अर्धा लिटर पाणी मोजून भरलं आणि नळीची चकती फिरवून थेंब थेंब सोडलं. नात पायरीवर बसून रेघा मारत होती. रेघा झाल्या ११२.

तेरा कलंडी कुठे गेल्या? गवंड्याकडून पाणसळ आणून पाहिली तर बूड एका बाजूला झुकलेलं. ते सरळ केल्यावर ११९. उरलेला फरक वाट्यांखालच्या दोन स्क्रूंचा. स्क्रू वर घेतला की वाटी कमी पाण्यात कलंडते आणि मोजणी वाढते. दोन्ही बाजू सारख्याच, अर्ध्या वेढ्याहून कमी फिरवायच्या. तीन दिवसांत नऊ वेळा बाटली लावली, तेव्हा आकडा १२४-१२५ वर स्थिरावला. थेंब थेंब सोडायचं कारण आहे. जोराच्या धारेत वाटी कलंडत असतानाच तिच्यात आणखी पाणी पडतं आणि ते मोजण्यात येत नाही. मुसळधार पावसात या जातीचं यंत्र थोडं कमीच सांगतं. ती त्याची घडण आहे, बिघाड नव्हे.

बूड झुकलं कसं, याचं उत्तर जुन्या नोंदीत सापडलं. एप्रिलमधल्या एका निरभ्र दुपारी यंत्राने ३ मिलिमीटर पाऊस दाखवला होता. त्या दिवशी वानरांची टोळी गच्चीवर उतरली होती, आणि यंत्र तेव्हा तिथेच खांबावर होतं. खांब हलला की वाट्याही हलतात आणि कोरडा पाऊस मोजला जातो. गच्ची मुळातच चुकीची जागा. तिथे वारा जोराचा असतो आणि थेंब नरसाळ्यावरून तिरपे उडून जातात. शिवाय यंत्र बसवताना खांद्याएवढी असलेली जांभूळ आता घराच्या वर गेली आहे. मी यंत्र अंगणात उतरवलं, साध्या मापकाशेजारी. त्याचा काठ ठरल्याप्रमाणे जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मोकळं हवं, म्हणून अंगणाच्या पार कोपऱ्यात जागा काढली.

एक गोष्ट मात्र बिघाडाशिवायच गोंधळ घालते. यंत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो, हवामान खात्याचा सकाळी साडेआठला. रात्री अकरा ते तीन पडलेला पाऊस यंत्रात दोन तारखांना वाटला जातो आणि वर्तमानपत्रात एकाच तारखेला येतो. तुलना करायची तर साडेआठ ते साडेआठ अशीच बेरीज करावी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं कुंड ठेवायला सांगितलं आहे ते कोठारात, धान्याच्या शेजारी. नवेगावबांधच्या परिसरात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर ज्यांचं धान उभं राहतं, त्यांना याचं कारण समजवावं लागत नाही. युरिया आज टाकावा की उद्या, धुरा फोडून पाणी सोडावं की राखावं, हे रात्री किती पडला त्यावर ठरतं.

काकाजींना मी वही दाखवली. त्या तारखेपुढे ४१ तसाच ठेवला आहे. शेजारी साध्या मापकाचे ६८ आणि खाली एक ओळ: नरसाळं तुंबलेलं, यंत्राचा आकडा ग्राह्य नाही. एप्रिलमधल्या त्या दुपारपासूनच्या यंत्राच्या नोंदींवरही मी संशयाची खूण केली. आकडे बदलले नाहीत.

ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांना एवढंच सांगणं: त्याच्या शेजारी एक साधं मापक रोवा आणि रोज साडेआठला वाचा. मृग लागायच्या आत नरसाळं एकदा खाली उतरवून भोकातून उजेड आरपार दिसतो का ते पाहा.