थिजणारे तेल

आम्हां कोंकणी माणसांच्या घरी खोबरेल तेलाची बाटली असावयाचीच. आणि घाट चढून बेळगावात बिऱ्हाड केले की हिवाळ्यात ती बाटली माणसाची परीक्षा पाहू लागते. पारा 24 अंशांच्या खाली उतरला की तेल थिजते. बाटली उपडी धरली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवावी, नाही तर गरम पाण्यात बुडवावी. परंतु हीच बाटली हजार किलोमीटर लांब असून जमिनीत पुरलेली असेल तर?

आसामात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. नाहरकटिया येथे 1953 साली खनिज तेल सापडले. ते शुद्धीकरणासाठी दूर न्यावयाचे होते. त्याकरिता घातलेली तेलवाहिनी 1962 साली गुवाहाटीपर्यंत आणि 1964 साली बिहारातील बरौनीपर्यंत सुरू झाली. एकंदर लांबी सुमारे 1,157 किलोमीटर. या तेलात मेण फार. 30 अंशांच्या आसपासच ते गोठू लागे, आणि हिवाळ्यात तेथील जमीन त्याहून बरीच थंड. पंप चालू आहेत तोवर तेल कसेबसे सरकते. पंप थांबले की मेणाचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे विणतात. ते जाळे मोडण्याइतका दाब नळाला सोसवला तर प्रवाह पुन्हा सुरू व्हावयाचा. एरव्ही जमिनीखाली एक प्रचंड मेणबत्तीच तयार!

यावर योजलेला उपाय मला, कलाशाखेच्या पदवीधराला, फार मोहक वाटतो. तेल वाहिनीत सोडण्यापूर्वी सुमारे 95 अंशांपर्यंत तापवीत, आणि मग ठरावीक गतीने सावकाश निववीत. मेण काढून टाकीत नसत. केवळ निवविण्याच्या रीतीमुळे स्फटिकांची घडण बदले, त्यांची वीण सैल पडे, आणि तेच तेल थंडीतही वाहते राही. पुढे स्फटिकांवर असाच परिणाम घडविणारी रसायनेही उपयोगात आली.

तेल निम्म्याने पातळ केले तर पंपाचे कष्टही निम्मे होतील काय, असा प्रश्न दहावीच्या एका मुलाने मला विचारला. आमच्या विज्ञानशिक्षकांनी त्याचे उत्तर मोठ्या हौसेने समजावून दिले. दाटपणाला शास्त्राच्या पुस्तकांत विष्यंदिता म्हणतात. प्रवाह संथ, थराथरांनी सरकणारा असेल, तर तेवढेच तेल नेण्यास दाब खरोखरच निम्मा पुरतो. हा नियम 1840 च्या दशकात प्वाझय या फ्रेंच वैद्याने बारीक नळ्यांवरील प्रयोगांतून काढला. शरीरातील रक्त कसे वाहते, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते! परंतु प्रवाह वेगवान होऊन त्यात भोवरे उठू लागले की हा हिशेब बदलतो. मग बहुतेक शक्ती भोवऱ्यांतच खर्ची पडते. अशा वेळी गुळगुळीत नळात दाटपणा निम्मा केला तरी लागणारा दाब अवघा 16 टक्क्यांच्या आसपास घटतो. तेल तापविण्यास इंधन लागते. तेव्हा पंपाची जी शक्ती वाचली तिची किंमत त्या इंधनाहून अधिक आहे की नाही, हे पाहावे लागते. सारखे तापवीत सुटणे हा काही शहाणा व्यवहार नव्हे.

मेणकट तेलाला मात्र नुसता हा जमाखर्च पुरत नाही, कारण तेथे खरे भय थांबण्याचे. राजस्थानात बाडमेरजवळ 2004 साली सापडलेले मंगला क्षेत्राचे तेल तर 40 अंशांच्या वरच गोठू लागते. म्हणजे वैशाखातल्या दुपारी सावलीत ठेवले तरी त्याचा भरवसा नाही. 2009 साली तेथे उत्पादन सुरू झाले. ते तेल गुजरातेकडे नेण्यासाठी सुमारे 600 किलोमीटरांची वाहिनी बांधली; तिला उष्णतारोधक फेसाचे जाड वेष्टण दिले. नळाला लागून एक बारीक नळी धावते. तिच्यातून विजेचा प्रवाह सोडून सबंध वाहिनीला ऊब देतात आणि तेल 65 अंशांच्या वर राखतात. वाटेत ठिकठिकाणी तापनकेंद्रे आहेत, आणि त्यांना पंपांच्या जोडीने विसावा घेता येत नाही. तेल जागच्या जागी उभे असेल तेव्हाही ती ऊब त्याला पुरवावीच लागते.